तंटा मिटतो, पण कोणाच्या अंगावर?

ज्या चळवळीच्या घोषणेत 'संघर्ष करा' हे शब्द आहेत, त्या चळवळीच्या पोरापोरींनी संघर्ष मिटविण्याचे शास्त्र पदव्युत्तर पातळीवर शिकावे, असे आम्ही म्हटले तर अनेकांच्या भुवया उंचावतील. 'आम्हाला लढायला शिकवा, मिटवायला कशाला शिकवता?' असा प्रश्न अमरावतीच्या वसतिगृहात किंवा अकोल्याच्या एखाद्या वाचनालयात बसलेला तरुण विचारील. त्याचा प्रश्न रास्त आहे. कारण 'मिटवून घ्या' हे शब्द आमच्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ऐकले आहेत, आणि ते बहुतेक वेळा मार खाणाऱ्यालाच ऐकावे लागले आहेत. मारणाऱ्याला कोणी 'मिटवून घे' म्हणत नाही, त्याला 'शांत राहा' एवढेच सांगितले जाते. नेमक्या याच कारणासाठी हे शास्त्र आमच्या पोरांच्या हाती आले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी हे शास्त्र आहे तरी काय, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबॉम्बच्या छायेत वावरणाऱ्या पाश्चात्त्य विद्वानांना वाटू लागले की युद्ध कसे करावे याच्या प्रबोधिनी आहेत, पण भांडण का होते आणि ते कसे संपते याचा पद्धतशीर अभ्यास कोठेच नाही. १९५७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून या विषयाचे नियतकालिक निघू लागले. १९५९ साली नॉर्वेच्या ऑस्लो शहरात योहान गाल्टुंग यांनी शांतता संशोधनाची संस्था उभी केली. १९७३ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता अध्ययनाचा विभाग सुरू झाला. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहासाचा अभ्यास केला, त्याच कोलंबियाच्या शिक्षक महाविद्यालयात मॉर्टन डॉइच यांनी १९८६ साली सहकार्य आणि संघर्ष निराकरणाचे केंद्र स्थापन केले. त्या विद्यापीठात आज वाटाघाटी व संघर्ष निराकरण या विषयात पदव्युत्तर पदवी मिळते. आपल्या देशात दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात २००४ साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने असे केंद्र निघाले. आणि आमच्या वऱ्हाडाला अगदी खेटून असलेल्या वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात गांधी आणि शांतता अध्ययनाचा विभाग आहे.

या शास्त्रात गाल्टुंग यांनी १९६९ साली एक विचार मांडला, तो आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक समजून घ्यावा. ते म्हणाले, हिंसा म्हणजे केवळ काठी, कुऱ्हाड आणि बंदूक नव्हे. ज्या समाजरचनेमुळे माणसाला मिळू शकणारे पाणी, औषध, शिक्षण, मान मिळत नाही आणि त्यामुळे त्याचे आयुष्य खुरटते, ती रचनाच हिंसा आहे. या हिंसेत मारणारा हात दिसत नाही, पण मरणारा माणूस दिसतो. म्हणून दंगल थांबली, कुऱ्हाडी खाली ठेवल्या गेल्या, याला त्यांनी अपुरी, उणी शांतता म्हटले. अन्याय करणारी रचनाच बदलली तर ती खरी शांतता. गाल्टुंग २०२४ साली वारले. त्यांच्या या सिद्धांतावर जगभर हजारो प्रबंध झाले. पण आम्ही विचारतो, गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेल्या माणसाला हा सिद्धांत ऑस्लोहून शिकावा लागतो काय? गावात 'शांतता' आहे याचा अर्थ आपली माणसे गप्प आहेत, हे आमच्या आजीला ठाऊक होते. फक्त तिच्याजवळ ते मांडायला विद्यापीठाची भाषा नव्हती.

बाबासाहेबांजवळ ती भाषा होती. त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवातच एका तंट्याने होते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राने घर सोडले ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी बाजूला सारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण आहे रोहिणी नदीचे पाणी. शाक्य आणि कोलीय या दोन्ही गणांची शेती त्या पाण्यावर होती. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आगळीक कोणाची, याची आधी चौकशी करा, आपली माणसेही दोषी असल्याचे ऐकिवात आहे, असे त्याने सांगितले. मग त्याने तोडगा मांडला : शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलीयांनी दोन, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा, आणि त्या पाच जणांनी तंटा सोडवावा. मतदान झाले. सिद्धार्थाचा प्रस्ताव पडला, युद्धाचा ठराव बहुमताने संमत झाला. सिद्धार्थाने तरी सैन्यात जायला नकार दिला. त्याच्या कुटुंबावर बहिष्कार टाकण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी आली, तेव्हा घरच्यांना झळ नको म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

आज जगातील कोणत्याही विद्यापीठात संघर्ष निराकरणाचा पहिला धडा उघडा. चौकशी आधी, निवाडा नंतर. दोन्ही पक्षांचे समान प्रतिनिधी. दोघांनाही मान्य असा मध्यस्थ. हे सारे रोहिणीच्या काठावर आहे. पण बाबासाहेब तेथे थांबत नाहीत. पुढे शाक्य-कोलीयांचा समेट झाल्याची वार्ता सिद्धार्थाला मिळते. घरी परतायला आता हरकत नव्हती. तो परतत नाही. कारण त्याच्या ध्यानात येते की दोन राष्ट्रांमधील युद्ध कधीमधी होते, पण वर्गावर्गांमधला संघर्ष अखंड चाललेला असतो आणि जगातील दुःखाचे मूळ त्यात आहे. तो सुटल्याखेरीज पाण्याचा तंटा मिटून काय उपयोग? गाल्टुंगच्या प्रसिद्ध लेखाच्या बारा वर्षे आधी छापल्या गेलेल्या या पानांत उणी शांतता आणि खरी शांतता यांतला फरक स्पष्ट मांडलेला आहे. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत बाबासाहेबांचे हे प्रकरण किती ठिकाणी शिकवले जाते, हे आमच्या प्राध्यापकांनी तपासून पाहावे.

रोहिणी फार दूर आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने वऱ्हाडातला खारपाणपट्टा आठवावा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील शेकडो गावांच्या जमिनीखालचे पाणी खारट आहे. ते पिऊन मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या तक्रारी तेथील माणसे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. बाळापूर तालुक्यातील ६९ गावांना वान धरणातून गोडे पाणी देण्याची योजना आली, तेव्हा तेल्हारा भागातील शेतकरी विरोधात उभे राहिले. आमच्या सिंचनाचे पाणी कमी होईल, ही त्यांची भीती होती. योजनेला स्थगिती मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये खारे पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला मोर्चा निघाला. एका बाजूला पिकाचे पाणी, दुसऱ्या बाजूला पिण्याचे. दोन्ही बाजूंना कष्टकरी माणसे. येथे सिद्धार्थाचे पाच माणसांचे मंडळ बसले असते तर? आकडे कोणी मोजले असते, कोणाची बाजू कोणी मांडली असती, आणि ज्याला ना शेती ना नळ अशा भूमिहीन मजुराच्या वतीने कोण बोलले असते? हा शेवटचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हाला हवा आहे.

आता गावातल्या तंट्याकडे येऊ. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्य शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती आवडती योजना. ग्रामसभेने तंटामुक्त समिती नेमायची, जुने-नवे वाद सामोपचाराने मिटवायचे, शासनाने गुण द्यायचे आणि उत्तीर्ण गावाला लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस द्यायचे. बांधाचे, धुऱ्याचे, भाऊबंदकीचे वाद कोर्टात वीस-वीस वर्षे कुजण्यापेक्षा गावात मिटले तर गरिबाचा पैसा वाचतो, हे आम्ही नाकारत नाही. पण जेथे तंटे मिटल्याचे गुण मिळतात, तेथे तक्रार न होणे हीच कमाई ठरते. आणि तक्रार कोणाची थांबवणे सोपे? ज्याचे घर वस्तीत शेवटी, ज्याची मजुरी पाटलाच्या वावरात, ज्याचे दळण गावातल्या एकाच चक्कीवर, त्याची! 'जाऊ द्या ना भाऊ, गावातच राहाचं हाय ना तुमाले?' हे वाक्य ऐकायला प्रेमळ वाटते. त्यातली धमकी ऐकू यायला गावकुसाबाहेर जन्मावे लागते.

म्हणूनच कायदा काय म्हणतो हे आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा हा पक्षकारांनी आपसात मिटवण्याजोगा नाही. गावसमितीला त्यात हात घालण्याचा अधिकार नाही. २०२१ साली रामअवतार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक दार किलकिले केले : मूळ वाद खाजगी किंवा दिवाणी स्वरूपाचा असेल, जातीवरून अत्याचार झालेला नसेल आणि तडजोड स्वेच्छेची असेल, तर न्यायालय आपल्या अधिकारात खटला रद्द करू शकते. तडजोड दबावाखाली झाली की काय, हे न्यायालयाने बारकाईने पाहायचे आहे. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात तर सामुदायिक मध्यस्थतेचे स्वतंत्र प्रकरणच आहे. वस्तीतील शांतता बिघडवणारे वाद तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेता येतील, आणि त्या मंडळावर समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती असू शकतील, असे त्यात म्हटले आहे. फौजदारी खटले त्यातून वगळले आहेत, हे चांगलेच. पण 'प्रतिष्ठित' कोण? आमच्या गावात ही पदवी कोणाला जन्माने मिळते आणि कोणाला हयात घालवूनही मिळत नाही, हे सांगायला हवे काय? उद्या या मंडळांवर प्रशिक्षित मध्यस्थ लागतील. ते प्रशिक्षण घेतलेली आमची पोरे तेथे नसतील, तर निवाडा पुन्हा जुन्याच पारावर होईल. फक्त त्याला कायद्याचा शिक्का मिळेल.

वेळीच न ओळखलेला तंटा कोठे जातो, याचे नाव खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या हत्येच्या मागे शेताचा आणि रस्त्याचा जुना वाद होता. त्याच महिन्यात एका मारहाणीच्या प्रकरणी त्या घरातील महिलांनी आरोपींविरुद्ध साक्ष दिली होती. जामिनावर सुटलेले लोक त्याच दिवशी घरावर चालून गेले. संघर्षाच्या शास्त्रात धोक्याच्या पूर्वसूचना नावाचा एक भाग शिकवतात. खैरलांजीत पूर्वसूचना होत्या, त्या वाचणारा कोणी नव्हता. पुढे आंदोलन पेटले, आमच्या अमरावतीतही पोलिसांच्या गोळीने बळी घेतला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र न्यायालयात टिकला नाही. म्हणजे जातीचा संघर्ष निकालपत्रात जातीचा राहिला नाही! संघर्षाला त्याचे खरे नाव देता न येणे, हीसुद्धा एक हार असते. ते नाव पुराव्यानिशी देण्याची विद्या म्हणजे संशोधन.

काही जण म्हणतील, वाटाघाटी हा मवाळांचा मार्ग. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडावे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बळीराम यांच्या निधनाची वार्ता बाबासाहेबांना मिळाली, तरी त्यांनी काम सोडले नाही. तेथे सत्याग्रहाचा निर्धार झाला, आणि मंदिराच्या पंचांना विचार करायला मुदतही दिली गेली. हक्काचा मुद्दा सोडला नाही, लढ्याची तयारी मोडली नाही, आणि बोलणीचे दारही बंद केले नाही. याच लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुख अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदी असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाडलाही तेच. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा हजारोंचा जमाव हाताशी असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला आणि खटला लढवला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात तो जिंकला. दहा वर्षे! २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार घ्या. समोरच्याने प्राण पणाला लावलेले, उद्या देशभर आपल्या वस्त्यांवर सूड उगवला जाईल ही धास्ती, आणि अशा कोंडीत स्वतंत्र मतदारसंघ गेले तरी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा पदरात पाडून घेतल्या. दबावाखालची वाटाघाट म्हणजे काय, हे शिकवायला याहून मोठे उदाहरण जगाच्या इतिहासात शोधावे लागेल. वर्ध्याच्या वर्गात गांधींच्या उपोषणाची बाजू शिकवली जाईल. त्याच वर्गात बसून दुसरी बाजू मांडणारा विद्यार्थी आमचा असला पाहिजे.

मार्च २०२४ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात पांढरी खानमपूर गावात प्रवेशद्वाराला बाबासाहेबांचे नाव देण्यावरून वाद पेटला. बौद्ध कुटुंबांनी गाव सोडले आणि अमरावतीत विभागीय आयुक्तांच्या कार्यालयासमोर मुक्काम ठोकला. लेकराबाळांसह माणसे गाव सोडतात, तेव्हा वाद कमानीचा राहिलेला नसतो. गाव कोणाचे, हा तो प्रश्न असतो. वृत्तपत्रांनी दगडफेक छापली आणि विषय संपला. पण ग्रामसभेत काय घडले, पहिला विरोध कोणाचा होता, कोणत्या घटकेला बोलणी शक्य होती आणि ती कोणी होऊ दिली नाही, गावातील लहान ओबीसी जातींची माणसे मनातून कोणाकडे होती, परतलेल्यांना मजुरी मिळते काय, हे सारे लिहून काढणारा एक तरी प्रबंध आमच्या विद्यापीठात होऊ नये? अकोला जिल्ह्यात बौद्ध, लहान ओबीसी जाती आणि मुसलमान यांची मोट बांधून सत्ता मिळवण्याचा प्रयोग 'अकोला पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजला. त्याच अकोल्यात मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल झाली. जोडणारे धागे कोणते आणि तोडणारे कोणते, हे एकाच शहरात अभ्यासता येते. यासाठी ऑस्लोला जावे लागत नाही.

ज्यांना बाहेर जायचे आहे त्यांनी जरूर जावे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. केंद्राचीही राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. पण २०२२ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने त्यात एक अट घातली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. अर्थ सरळ आहे. आमच्या मुलीने परदेशात जाऊन अन्य कोणत्या देशाच्या संघर्षावर प्रबंध लिहिला तर चालेल. आपल्या गावच्या विहिरीवर लिहिलेला चालणार नाही! ज्या बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला, त्यांना आज या नियमाने शिष्यवृत्ती मिळाली नसती. समाजबांधवांनो, ज्या ज्ञानाची सत्तेला भीती वाटते, ते ज्ञान कामाचे असते, एवढे यावरून समजावे.

आमची मागणी साधी आहे. ज्या संत गाडगेबाबांनी गावोगाव फिरून माणसांची मने झाडली, त्यांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाने संघर्ष निराकरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा. तो मराठीत असावा. रोहिणीचे पाणी, चवदार तळे, अंबादेवी, पुणे करार, १९७८ ते १९९४ चे नामांतर आणि खैरलांजी ही त्याची प्रकरणे असावीत. प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाचा एक तंटा वर्षभर अभ्यासावा. येथून बाहेर पडलेली पोरे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, कौटुंबिक न्यायालयात, कामगार कार्यालयात, पंचायत समितीत आणि उद्याच्या मध्यस्थी मंडळांवर बसतील. नोकरीचा प्रश्न सुटेल तो सुटेलच.

आणि जी जाणार आहेत त्यांना एकच सावधगिरीचा शब्द. या शास्त्रात तटस्थतेला फार मान आहे. मध्यस्थाने कोणाचीही बाजू घेऊ नये, असे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतील. ते शिका, कारण वागणुकीत पक्षपाती असलेल्या मध्यस्थावर कोणी विश्वास ठेवत नाही. पण उंच-सखल जमिनीवर मधोमध उभा राहणारा माणूस उंचावरच्याच बाजूला असतो, हेही विसरू नका. तागडी हाती घेण्याआधी जमीन सपाट आहे की नाही ते पाहा. सिद्धार्थाने दोन्ही गणांची दोन-दोन माणसे मागितली, ती यासाठीच. आमच्या गावात ज्या दिवशी वस्तीतली दोन आणि गावातली दोन माणसे एकाच सतरंजीवर, एकाच उंचीवर बसतील आणि पाचवा मिळून निवडतील, त्या दिवशी तंटा मिटला असे आम्ही म्हणू. तोवर जे मिटते, ते आमचे तोंड असते. जयभीम!